तापली की ताप

सकाळी सातला आमच्या फियाटला बघायला पाहुणे आले, तर पसंती जागच्या जागी होईल. चोक ओढायचा, चावी फिरवायची, की पहिल्या खेपेला सुरू. आवाज असा, की वरच्या मजल्यावरच्या बाळाची झोपही मोडू नये. कात्रजचा चढ तर ती हसत चढते. तिचं खरं रूप दिसतं ते पुढे, खेड शिवापूरच्या आसपास. आधी पिकअप जातो. मग ती मिस मारते, झटके खाते, साठाची चाळीसवर येते आणि शेवटी रस्त्याच्या कडेला एका वडाखाली मान टाकते. अर्धा तास तसाच गेला, की पुन्हा जसं काही झालंच नाही.

गाडी बाबांनी घेतलेली, १९८८ ची पद्मिनी. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर. मुंबईतल्या तिच्या काळ्यापिवळ्या बहिणी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाल्या. आमची मात्र दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करून अजून नोकरीत आहे.

"तापली की बंद पडते," हे निदान माझं स्वतःचं. आणि ते मी इतक्या ठामपणे सगळ्यांना सांगत सुटलो, की पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

पहिल्या मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला, जेट फुंकले आणि "कचरा होता" म्हणत हातावर काळी पूड दाखवली. ती त्याच्या हातावर आधीपासूनच होती, असा माझा अजूनही संशय आहे. त्याने मला वायरमनकडे धाडलं. वायरमन मात्र अभ्यासू निघाला. कॉईल तापली की आतल्या वेटोळ्याचा रोध वाढतो, ठिणगी मलूल होते आणि इंजिन गचके देतं, हे त्याने मला चहा थंड होईपर्यंत समजावलं. शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं, म्हणून मी नवी कॉईल, नवा कंडेन्सर आणि जाताजाता चार प्लग घेतले. रविवारी गाडी जुन्या जागीच, म्हणजे त्याच वडाखाली बंद पडली.

मग शेजारचे काका आले. त्यांनी बॉनेटकडे न पाहताच सांगितलं, "व्हेपर लॉक! फडकं टाका."

फियाटवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीचा हा घरगुती उपाय. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला पेट्रोल पंप उन्हाळ्यात घाटात इतका तापतो, की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. ती नुसती दबते आणि फुगते. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकायचं. काकांच्या सांगण्याप्रमाणे एके काळी मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेटं उघडून उभ्या गाड्यांवर पंचे, बनियनं आणि एकदा तर कुणाचं तरी उपरणंही वाळत असे.

मी फडकं टाकलं. गुण आला. दर वेळी आला. येणारच, कारण ते ओलं करायला पाणी शोधून आणेपर्यंत अर्धा तास गेलेला असायचा.

शेवटी मी गाडी मिस्त्रीकडे तासभर सुरू ठेवायला लावली. काटा मध्यावर आला, बॉनेटवर पापड भाजावेत इतकी ती तापली, पण साधी शिंकली नाही. "साहेब, ती तुम्हाला बघून करते," मिस्त्री म्हणाला. मग त्याने विचारलं, "इतक्यात नवीन काही बसवलंय का?"

"छे," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात आईला ढोल्या गणपतीला वाईला न्यायचं होतं. लांबचा प्रवास, म्हणून टाकी काठोकाठ भरली. तर गाडी त्या दिवशी वडापर्यंतही गेली नाही. अलीकडेच एका पेट्रोल पंपासमोर गचकली. म्हटलं, चला, निदान पाणी जवळ आहे. मी फडकं घेऊन नळाकडे निघालो. तिथल्या पोराला वाटलं, पेट्रोल भरायचंय. त्याने टाकीची चावी मागितली, मीही बेसावधपणे दिली. त्याने झाकण फिरवलं आणि हुस्स्स असा लांबलचक आवाज झाला. पाठोपाठ टाकीचा पत्रा टण्णकन वाजला. पोरगं दोन पावलं मागे सरलं.

"काका, हिनं श्वास घेतला बघा. आणि टाकी तर भरलेलीच हाय की!"

कोरडं फडकं हातात धरूनच मी चावी फिरवली. पहिल्या खेपेला सुरू.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का रे? दुसरं वाऱ्यासाठी लागतंच."

मार्चमध्ये पार्किंगमधून कुणीतरी नळी घालून पेट्रोल काढून नेलं होतं. तेव्हा मी हौसेने कुलपाचं झाकण बसवलं होतं. जुन्या झाकणाला बारीकसं भोक होतं. पेट्रोल जाईल तशी तिथून हवा आत यायची. नवं मात्र बिनभोकाचं, आणि त्याचं रबर घट्ट. तेवीस-चोवीस किलोमीटरांत दोन लिटर जळायचं, टाकीत पोकळी व्हायची आणि बिचारा पंप जीव खाऊन ओढत राहायचा. टाकी जितकी भरलेली, तितकी आत हवा कमी, तितकं लवकर गचकणं. अर्ध्या तासात रबराच्या फटीतून थोडी हवा झिरपायची. गॅरेजात उभ्याउभ्या पेट्रोल जळणार किती? इंजिन तापायला आणि टाकी कोंडायला साधारण एकच वेळ लागत होता. त्यातल्या एकाचाच काटा डॅशबोर्डवर आहे.

मिस्त्रीला हे सांगायला मी चार दिवस लावले. तो पाना पुसत म्हणाला, "मी विचारलं होतं, साहेब." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

जुनं झाकण आईने तुळशीच्या कुंडीखाली टेकू म्हणून लावलं होतं. ते काढून, टाचणीने भोक साफ करून परत बसवलं. कुंडी आता जरा कलते. गाडी वाईला जाऊन आली, महाबळेश्वरलाही जाऊन आली. नवी कॉईल आणि नवे प्लग आतच आहेत, त्यामुळे उचल अशी की बाबांच्या वेळीही नसेल.

परवा सकाळी पेट्रोलचा काटा पाव टाकीने खाली होता. चोर घाईत नळी तिथेच विसरून गेला होता. ती मी धुऊन डिकीत ठेवली आहे, फडक्याच्या शेजारी.