‘नगरसेवकांशिवायही पुणे चाललेच’ या म्हणण्याचा प्रतिवाद

पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात आयुक्तांनीच प्रशासक म्हणून कारभार पाहिला आणि त्यातून एक मत सर्वत्र पसरले: नळाला पाणी येत होते, कचरा उचलला जात होता, तेव्हा नगरसेवक नसले तरी काही अडत नाही, नगरसेवक फार तर बाकडी बसवतो, शहराची टिकाऊ वाढ हे अधिकाऱ्यांचे आणि तज्ज्ञांचे काम आहे. या मताचा एकेक भाग तपासला की त्यातील चूक लक्षात येते.

‘शहर चालले’ हे खरे आहे, पण रोजची कामे पार पडणे आणि शहराबद्दलचे निर्णय तपासून घेतले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतात, स्थायी समितीचे १६ सदस्य तो तपासतात आणि धोरणाचे विषय सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेत येतात. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा, तो तपासणारा आणि त्याला मान्यता देणारा एकच होता. एखादी निविदा इतक्या चढ्या दराने का स्वीकारली, हे जाहीरपणे विचारणारे सभागृहच उरले नव्हते. मुदत संपण्याआधी निवडणूक घेण्याचे बंधन ७४ व्या घटनादुरुस्तीने घातले, ते याच कारणासाठी.

टिकाऊ वाढ हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, या म्हणण्याला पुण्याच्या टेकड्यांचा इतिहास उत्तर देतो. १९९७ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली आणि त्यांच्या टेकड्यांवर बांधकामाचा दबाव वाढू लागला. झरे, ओढे आणि वनस्पती यांचे महत्त्व अभ्यासकांनी मांडले होते, यात शंका नाही. पण अभ्यासकाचा अहवाल जमिनीवर आरक्षण टाकू शकत नाही, म्हणजे ती ठराविक सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकत नाही. ते विकास आराखड्यात यावे लागते आणि त्यासाठी सभागृहाचा ठराव लागतो. माजी महापौर वंदना चव्हाण यांनी हा विषय लावून धरला, नागरिकांच्या संघटना पाठीशी उभ्या राहिल्या आणि सुमारे ९७६ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याची भूमिका मुख्य सभेने घेतली. राज्य सरकारची मान्यता मिळेपर्यंत २०१५ उजाडले. जमीनमालकांच्या मोबदल्याची तक्रार न्याय्य आहे आणि तिची तड लागायलाच हवी, परंतु ही आरक्षणे नसती तर आज वाद घालायला टेकड्याच उरल्या नसत्या.

याच सभागृहाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही गावे येण्यापूर्वीच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा मुख्य सभेला वेळेत पूर्ण करता आला नाही, म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने तो काढून घेऊन अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवला. तेव्हा शाळा, मैदाने, उद्याने यांची आरक्षणे वगळल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्या समितीत कोणीही निवडून आलेला नव्हता.

राहिला बाकड्यांचा आरोप. अंदाजपत्रकातील ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, होणारी अनेक कामे खरोखरच नावाचा फलक लावण्यापुरती असतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र नागरिकांनी आपल्या वस्तीतील कामे सुचवावीत आणि क्षेत्रीय कार्यालयामार्फत ती अंदाजपत्रकात यावीत, ही पद्धत याच शहरात २००६ पासून सुरू झाली. २००८ मध्ये महापालिकेने कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. कचरा घरोघरी वेगळा गोळा होऊ लागला आणि उकिरड्यावर वेचणाऱ्या बायांना कामगार म्हणून ओळख मिळाली. अशी व्यवस्था प्रभागात टिकते, ती सोसायट्या, कचरावेचक आणि क्षेत्रीय कार्यालय यांना एकत्र बसवणारा नगरसेवक असला तर. बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून ही अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे.

चार सदस्यांच्या प्रभागात नेमके कोणाला धरायचे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तोवर नागरिकांच्या हाती सभेचे इतिवृत्त आहे: आपल्या चौघांपैकी कोण हजर होते, कोणी कोणत्या विषयावर प्रश्न विचारला आणि कोणत्या आरक्षणाच्या बदलाला हात वर केला, हे त्यात लिहिलेले असते.