कार्बन गेलेत

मोटर पूर्ण बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूचं काय करायचं हे आपल्याला माहिती असतं, एकतर भंगारवाला नाहीतर माळा. पण माझ्या रिमोटवरच्या गाडीची मोटर बंद नव्हती, ती मूड असेल तेव्हा चालत होती, आणि मूड कधी असणार हे मला कळायचा काही मार्ग नव्हता.

आधी गाडी काय ते सांगतो. आरसी रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवरची जीप, आकाराने खऱ्या जीपचा दहावा भाग, मऊ फताडी चाकं, चारही चाकं एकदम फिरतात. तिचं काम एकच, दगडावर चढणं. पळणं नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला जो काळा कातळ आहे ना, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा, तो या गाड्यांसाठी स्वर्ग आहे. मी तिथे सकाळी जातो आणि मॉर्निंग वॉकवाले हटकून थांबतात. केवढ्याला पडली? (मी खरी किंमत सांगत नाही, बायकोलाही सांगितलेली नाही.) मग, स्पीड किती? म्हटलं माणूस चालतो त्याच्यापेक्षा कमी. यावर एक काका म्हणाले, "मग चालतच का नाही जात?" पुण्यात याला उत्तर नसतं, पुढे बघायचं.

तर ही गाडी एका दगडावर अर्ध्यात थांबली. समोरची चाकं वर, मागची खाली, आणि ट्रिगर दाबला तर नुसतं टिक. परत दाबला, टिक. जाऊन बोटाने चाक जरासं हलवलं तर लगेच चालायला लागली. पुढच्या दगडावर परत तेच. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, आग्रह केल्याशिवाय हलायचंच नाही.

घरी येऊन जे जे तपासायचं ते सगळं तपासलं. बॅटरी मोजली, दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), फुल चार्ज म्हणजे 8.4 व्होल्ट, होती तेवढी. स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, व्यवस्थित वळत होता म्हणजे रिमोट आणि रिसीव्हर ठीक. मग ईएससी, म्हणजे मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारं सर्किट. त्यावरचे जंपर (सेटिंगच्या छोट्या पिना) बघितले, कारण तिथे बॅटरीचा प्रकार चुकीचा लावला असेल तर बॅटरी किती उतरल्यावर मोटर बंद करायची याचा घोळ होतो, तेही बरोबर. मोटरच्या दोन वायरी काढून त्याच ईएससीवर एका जुन्या गाडीची मोटर लावली तर ती मस्त फिरली, त्यामुळे ईएससीही सुटला. मग पिनियनचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा, ग्रब स्क्रू, तो ढिला झाला की मोटर फिरते आणि गाडी नाही, पण तो घट्ट. गिअरमध्ये खडा अडकलाय का म्हणून मोटर गिअरपासून सोडवली आणि नुसती चालवून बघितली, तर कधी फिरते कधी नाही. म्हणजे आरोपी सापडला होता, फक्त कबूल होत नव्हता.

ग्रुपवर विचारलं तर तिघांनी एकाच मिनिटात लिहिलं, ब्रशलेस घे (म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर). ही आमच्या छंदातली 'अंगारा लाव' छाप सूचना आहे, कशावरही चालते. अरे पण साध्या सेन्सर नसलेल्या ब्रशलेसला एकदम हळू फिरताना स्वतःचा रोटर (आतला फिरणारा भाग) कुठे आहे तेच कळत नाही, मग ती सुरुवातीला गचके खाते. दगडावर इंच इंच चढायचं तर गचके नकोत, म्हणून तर क्रॉलरमध्ये लोक अजून ही जुनाट ब्रशवाली वापरतात. सेन्सरवाली चांगली असते पण तिची किंमत बायकोपासून लपवण्याइतका मी हुशार नाही.

आता इथे सासऱ्यांची एंट्री. बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेले, एक डोळा झालेला, दिवसभर काळा गॉगल लावून सोफ्यावर, टीव्ही बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही. अशा माणसासमोर मी डायनिंग टेबलवर मोटर उघडून बसलो.

"काय हो, काय झालं?"

"मोटर अडकतीये बाबा. मधूनच."

त्यांनी मोटर हातात घेतली, कानाजवळ नेली, शाफ्ट फिरवला. "कार्बन गेलेत."

मी मल्टिमीटर लावून, शाफ्ट थोडा थोडा फिरवून रीडिंग घेत होतो, बहुतेक ठिकाणी एक ओहमच्या आत, म्हणजे ठीक, आणि मधेच एखाद्या ठिकाणी एकदम ओपन, म्हणजे सर्किटच तुटलेलं, मग टिचकी मारली की परत ठीक. या सगळ्यातून काय निष्कर्ष काढावा या विचारात मी होतो आणि हा माणूस गॉगल लावून, कानाने, मिक्सरवाल्याच्या आत्मविश्वासाने निकाल देऊन मोकळा.

आणि वाईट म्हणजे बरोबर निघाला. माझी मोटर उघडता येणारी आहे, मागचं झाकण स्क्रूवर. आत दोन बाजूंना पितळेच्या दोन डब्या, त्यात कार्बनचे ब्रश, आणि मागून स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या ज्या फिरत्या तांब्यातून करंट आत जातो त्यावर, दाबते. एका बाजूचा ब्रश इतका झिजलेला की स्प्रिंगचं टोक ब्रशवर टेकायच्या ऐवजी पितळेच्या डबीच्या काठावर टेकलं होतं. म्हणजे स्प्रिंग बिचारी जीव तोडून दाबत होती पण डबीला. धक्का बसला की ब्रश सरकून चिकटायचा, नाहीतर हवेत. कम्युटेटरच्या फटीत काळी भुकटी गच्च. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिक घेऊन ती साफ केली, बाबा शेजारी बसून "अजून राहिलंय, अजून राहिलंय" करत होते, एका डोळ्याने.

नवीन ब्रशची जोडी या मोटरची इथे मिळेना. बाहेरून मागवायची तर कुरिअरचा खर्च ब्रशच्या कितीतरी पट. बाबा म्हणाले, "बुधवारात जा. मिक्सरचे कार्बन आणा, घासून बसवू."

"बाबा, मिक्सरची मोटर 230 व्होल्टची असते."

"कार्बन तो कार्बन."

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास काय मिळत नाही ते सांगा. दुकानदाराने माझा ब्रश बघितला, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाला कुठल्या मिक्सरचा हा? म्हटलं मिक्सर नाही, गाडी आहे. कसली गाडी? मग मागच्या गिऱ्हाइकाने स्पीड विचारला. असो. आणले.

दुपारभर बाबांनी पॉलिश पेपरवर ते कार्बन घासले. डोळ्यात कण जाऊ नयेत म्हणून तोच ऑपरेशनचा गॉगल, नाकाला रुमाल, मांडीवर पेपर. बायको ऑफिसातून आली तर तिचे वडील आणि नवरा दोघंही कोळशाच्या खाणीतून सुटल्यासारखे. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलंय ना?" बाबा म्हणाले, "ही धूळ नाहीये, ग्रॅफाइट आहे." मी काहीच म्हणालो नाही, संसार टिकवायचाय.

बसवले. फिरली! बाबांनी टाळी वाजवली. पण गाडी सोफ्याच्या उशीवर चढवली तर मोटरचा जीवच गेलेला, गरम मात्र लगेच. आता ह्याचं कारण आहे. मिक्सरला व्होल्ट भरपूर आणि करंट कमी, त्याच्या कार्बनचा स्वतःचा रेझिस्टन्स जास्त असला तरी चालतो, उलट ठिणग्या कमी पडतात. इथे बॅटरी जेमतेम सात-आठ व्होल्टची आणि करंट दणकून, म्हणून या ब्रशमध्ये तांब्याची पूड मिसळलेली असते. मिक्सरचा कार्बन लावला की निम्मा जोर ब्रशमध्येच जिरतो. हे मी बाबांना समजावायला गेलो. ते म्हणाले, "बसायला वेळ लागतो. दोन दिवस चालवा, सेट होतील."

काय करणार. मी गुपचूप एक साधी सील्ड, म्हणजे न उघडणारी, मोटर मागवली आणि बाबा दुपारी झोपले असताना बदलून टाकली. पिनियन चढवला, गिअरमध्ये कागदाची पट्टी धरून अंतर लावलं, वायरी जोडल्या, गाडी उलटी पळाली, दोन वायरींची अदलाबदल केली, झालं. पार्सलचा खोका शेजाऱ्यांच्या कचऱ्यात.

रविवारी बाबांना घेऊन टेकडीवर गेलो. गाडी कातळावर अशी चढली म्हणता, जिथे अडकली होती तो दगड तर सरळ वर. बाबा गॉगल लावून कमरेवर हात ठेवून उभे. तेच स्पीडवाले काका थांबले, म्हणाले, आज बरी चालतीये.

"कार्बन गेले होते," बाबा म्हणाले. "मी घासून बसवले. मिक्सरचे."

काकांना एकदम आदर वाटला. आमचा मिक्सर पण असाच करतो हो, म्हणाले, हलवला की चालतो, दुकानवाला नवीन घ्या म्हणतो.

बाबांनी गॉगल किंचित वर केला. "टाकू नका. घेऊन या. संध्याकाळी पाचनंतर, हे घरीच असतात."