हुओय मिआसचा आवाज एका कॅसेटने वाचवलेला नाही

कंबोडियाची गायिका आणि रेडिओ निवेदिका हुओय मिआस (मिआस म्हणजे तिथल्या ख्मेर भाषेत सोनं) हिच्या गाण्यांसोबत एक गोष्ट सर्रास फिरते: ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने संगीतच बंद केलं, सगळ्या तबकड्या नष्ट केल्या आणि एका अमेरिकन पर्यटकाच्या कॅसेटीमुळे हा आवाज वाचला.

आधी ‘संगीतच बंद केलं’ याबद्दल. 17 एप्रिल 1975 ला नोम पेन्ह पडल्यावर जुनी गाणी आणि ती गाणारी बरीचशी माणसं संपवली गेली, हे खरं. पण रेडिओ चालूच होता. त्यावरून आणि शेतांवरच्या कर्ण्यांतून ‘अंगकार’ची, म्हणजे संघटनेची, गौरवगीतं वाजत. रेडिओची ताकद त्या राजवटीला पुरती ठाऊक होती.

पर्यटकाची कॅसेट? 1996 चं ‘कंबोडियन रॉक्स’ हे संकलन कंबोडियात विकत घेतलेल्या कॅसेटींवरून निघालं. म्हणजे ती गाणी तिथल्या बाजारात मिळतच होती! वर त्या संकलनावर गायकांची नावंसुद्धा नव्हती. गाणी जपली ख्मेर घरांनी: मिनिटाला 45 फेऱ्यांच्या तबकड्या परदेशी नेऊन, एकमेकांकडून कॅसेटी भरून घेऊन. याचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं.

याच्या जोडीला आणखी एक दावा असतो आणि तो सगळ्यांत जास्त नुकसान करतो: ‘इंटरनेटवर ऐकतो तो तिचा मूळ आवाज.’ बऱ्याचदा तो नसतो. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटीमीटर सरकते. भरताना डेक सहा टक्के हळू चालला आणि पुढे नीट गतीने वाजवला, की पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं, साडेतीन मिनिटांचं सुमारे 3 मिनिटं 17 सेकंदांत संपतं आणि गळा उगाच पातळ, किनरा वाटतो. मग लोक म्हणतात, त्या काळी तशाच गायच्या!

तपासायला विजेची घरघर उपयोगी पडते, ती भरताना गाण्याखाली उमटते. कंबोडियात वीज 50 हर्ट्झची. ध्वनिपटात (आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या चित्रात) गाण्याखालची बारीक रेष 53 वर दिसली, तर गती सहा टक्के चढलेली आहे. नेमक्या 50 किंवा 60 वरची रेष मात्र नंतरच्या भरणीतली असू शकते (60 असेल तर बहुधा अमेरिकेतली), तिच्यावरून गती ठरवू नये.

पुढे अनेक जुन्या गाण्यांवर यांत्रिक ड्रम आणि सिंथेसायझर चढवून ती पुन्हा विकली गेली. अशा फाइलीत डाव्या बाजूतून उजवी वजा करा. मूळ गाणं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखं, असेल तर गळा जवळजवळ नाहीसा होतो आणि नंतर चढवलेली स्टिरिओ वाद्यं उघडी पडतात. ती वाद्यं मधोमध ठेवलेली असली तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे मूळ तबकडीशी ताडून पाहण्यावाचून इलाज नाही.

गती सुधारायचीच तर सूर आणि लय एकत्र उतरवा, नुसता सूर नको. आणि मूळ फाइल न बदलता वेगळी ठेवा. उद्या कुणाच्या घरून तबकडी निघालीच, तर ताडायला ती फाइलच लागेल.