सहा जण, एक लंबक, वाद शून्य

भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी सहकारी अध्ययनाची, म्हणजे गटात मिळून शिकण्याची, कृतिपत्रिका लिहायला बसला आहात ना? मग एवढं एकच पथ्य पाळा: मुलांना एकमेकांशी बोलावं लागेल असं तिच्यात काहीही ठेवायचं नाही.

साधा लंबक घ्या. त्यावरून काढायचं उत्तर, गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, हे अगदी वर ठळक छापा. मग दोलनं मोजत बसायची गरजच नाही. मुलं उत्तरावरून उलटा हिशोब करून रीडिंग काढतील. बीजगणिताचा सराव फुकटात.

‘गोळा दुप्पट जड केला तर दोलनकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, वाढेल का?’ हा प्रश्न प्रयोगाआधी चुकूनही विचारू नका. निम्मे वाढेल म्हणतील, निम्मे घटेल म्हणतील, एखादी ‘तेवढाच राहील’ म्हणून अडून बसेल, आणि मग गोळा खरोखरच बदलून बघायची वेळ येईल.

स्टॉपवॉच एकच द्या, तेही एकाच हातात. दोघांनी मोजलं की वीस दोलनांना एकाचे ४०.१ सेकंद येतात, दुसऱ्याचे ४०.४. कुणाचं बोट उशिरा दाबलं गेलं यावर जुंपते. त्यातून कुणीतरी विचारतं, वीसच का, एक दोलन का नाही? बोटाची चूक विसांत वाटली जाते, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं तर तुमच्या ‘सूचना क्रमांक ७’ला कोण विचारणार?

जिगसॉ नावाची पद्धत १९७१ पासून चालत आली आहे. तिच्यात एका जोडीने फक्त लांबी बदलायची, दुसरीने वस्तुमान, तिसरीने कोन; तिघींची निरीक्षणं एकत्र आल्याशिवाय कुणालाच निष्कर्ष लिहिता येत नाही. म्हणजे सगळेच कामाला लागतात! त्यापेक्षा सहा जणांना सहा पूर्ण प्रती द्या. एक जण करेल, पाच जण उतरवतील, खाडाखोडीसकट.

भूमिका मात्र हव्यातच. गटप्रमुख, वेळनोंदक, लेखनिक असे बिल्ले फोटोत छान दिसतात. फक्त त्या वर्षभर बदलू नका. अक्षर चांगलं म्हणून मुलगी लिहीत राहील आणि धीट मुलगा उपकरणं हाताळत राहील. तिला वर्षअखेरीपर्यंत क्लॅम्प कसा आवळतात हे कळणार नाही, पण तसा प्रश्न परीक्षेत येतो कुठे?

शेवटी एक चौकट टाका: ‘आम्ही गटात चर्चा केली – होय / नाही.’ ‘होय’वरची खूण छापूनच घ्या.