‘पुस्तकी भीती’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. छोट्या सर्व्हर क्लस्टरवरच्या (एक पडला तर दुसऱ्याने काम चालवावं म्हणून जोडलेले सर्व्हर) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिता, ‘दोन सर्व्हर पुरतात, तिसऱ्याचा आग्रह म्हणजे ज्याने रात्री कधी सर्व्हर उठवला नाही त्याची पुस्तकी भीती.’ मतभेद असू दे. पण ज्याला ओळखत नाही त्याच्या अनुभवाचा असा निकाल लावायची घाई कशाला?

एक चूक मान्य. लेखातल्या तक्त्यात आरपीओ आणि आरटीओची अदलाबदल झाली होती. किती वेळाचा डेटा गमावणं चालेल तो आरपीओ, किती वेळात पुन्हा उभं राहायचं तो आरटीओ. दुरुस्त केलं आहे.

आता त्या रात्रींबद्दल. मी 12 वर्षं हेच काम करतो आहे. माझ्याकडेही एकदा तुमच्यासारखा दोन नोडचा, म्हणजे दोन सर्व्हरचा, सेटअप होता. फेन्सिंग, म्हणजे संपर्क तुटलेल्या नोडला सक्तीने बंद पाडायची सोय, नव्हतं; दोनच तर नोड आहेत, कशाला, असं तेव्हा ठरलं होतं. दोन्ही सर्व्हर ठणठणीत होते, गेली ती त्यांच्यामधली केबल. प्रत्येकाला वाटलं, दुसरा मेला. दोघेही प्रायमरी, म्हणजे डेटा लिहिणारा मुख्य सर्व्हर, झाले, दोघांनीही ऑर्डर घेतल्या. पहाटे केबल बदलली तेव्हा हातात दोन डेटाबेस होते, एकमेकांशी न जुळणारे, एकाच क्रमांकाच्या दोन-दोन ऑर्डर असलेले. त्या ऑर्डर हाताने जुळवायला चार दिवस लागले. ही भीती कोणत्या पुस्तकातली, तुम्हीच सांगा.

प्रत्येक नोडला एक मत, आणि काम चालवायचं तर बहुमत हवं. तीन मतं असली की एकटा पडलेला नोड बहुमताअभावी स्वतःच गप्प बसतो. दोनांत बहुमत म्हणजे दोघेही. एक गेला की काम थांबवा, नाहीतर वरचा धोका पत्करा. चार घेतलेत तरी बहुमत तीनचं, म्हणजे सोसतो तो एकच बिघाड. आणि तिसरा तितकाच दणकट हवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. नुसतं मत देणारं छोटं यंत्र चालतं, फक्त वीज आणि स्विच वेगळे हवेत. तो परिच्छेद वाचला असतात तर खर्चावर एवढं लिहिलंच नसतं.

‘रेप्लिकेशन आहे, बॅकअप कशाला’ यावर एवढंच: रेप्लिकेशन म्हणजे प्रत्येक बदल दुसऱ्या सर्व्हरवरही उतरणं, म्हणून चुकून चालवलेलं डिलीटही रेप्लिकेट होतं. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या ऑनलाइन सेवेत प्रायमरीवरचाच डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप-रेप्लिकेशनच्या पाचपैकी एकही व्यवस्था कामी आली नाही, सुमारे 6 तास जुन्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणीच्या डेटाच्या नकलेवरून) सगळं उभं करावं लागलं. यूपीएस, ऑफसाइट कॉपी वगैरे मूळ लेखात आहे, पुन्हा लिहीत नाही.

तुमच्या दोन नोडमधली केबल एकदा कामाची वेळ संपल्यावर मुद्दाम काढा. प्रायमरी कोण, ते दोघांनाही विचारा. मग लिहा.