डाग काढायची कला

तर तुम्हाला परिपूर्ण गृहिणी व्हायचंय. नुसती टापटीप नव्हे. ‘घर बरं ठेवते हो’ या सदरातलीही नव्हे. परिपूर्ण, म्हणजे पाहुण्याने सोफ्यावर बसण्याआधी आपल्याच पँटची मागची बाजू चोरून तपासावी इतकी. मग गुरू एकच: विस्टेरिया लेनवर राहणाऱ्या ब्री व्हॅन डी कॅम्पबाई.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ ही अमेरिकन मालिका एबीसी वाहिनीवर ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाली आणि मे २०१२ मध्ये संपली. आठ सीझन, १८० भाग. फेअरव्ह्यू नावाच्या काल्पनिक उपनगरातली एक गल्ली, हिरवीगार लॉनं, पांढरी कुंपणं आणि दर दारामागे काहीतरी दडवलेलं. मैत्रिणी चार. सुझन सतत धडपडते, लिनेट पोरांच्या मागे धावते, गॅब्रिएल माळ्याच्या मागे. ब्री कुणाच्याच मागे धावत नाही. धावलं की केस विस्कटतात.

पहिल्याच भागात शेजारची मेरी ॲलिस स्वतःवर गोळी झाडून घेते. अशा वेळी आपण काय करतो? धावत जातो, रडतो, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतो आणि काही लागणार नाही अशी मनोमन आशा करतो. ब्री दोन टोपल्या घेऊन जाते. लाल रिबिनीची टोपली समाचाराला येणाऱ्यांसाठी, निळ्या रिबिनीची फक्त घरच्या दोघांसाठी. आत मफिन, रोल, सकाळच्या न्याहारीला पुरेल असं सगळं. आणि निघताना त्या विधुराला ती आवर्जून सांगते की झाल्यावर टोपल्या मात्र परत हव्यात.

इथे हसायचं नाही, वहीत लिहून घ्यायचं. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आहे. पण डबा परत माग, असं काही कुणी शिकवलं नाही. म्हणून तर तुमचे निम्मे डबे आज दुसऱ्यांच्या फ्रीजमध्ये आहेत. दुःखाला मर्यादा असते, टोपल्यांना तर असतेच.

आता स्वयंपाक. संध्याकाळी दमून आलात, खिचडी टाकलीत, वर तूप सोडलंत आणि सगळे खूश झाले, तर समजा की तुमचं काहीतरी चुकतंय. घरचे खूश होणं हे अपुऱ्या कष्टांचं लक्षण आहे. ब्री तीन तास खपून वासराच्या नळीचं ओसोबुको रांधते, सोबत तुळशीच्या चुलतबहिणीचं, म्हणजे बेसिलचं हिरवंगार सूप. मुलगी विचारते, आपल्याकडे कधी साधं, लोकांनी नाव ऐकलेलं सूप का नसतं? कांद्याचं वगैरे? ब्री शांतपणे सांगते की बाबांना कांदा चालत नाही, जिवावर बेतेल इतकी ॲलर्जी आहे. मुलाला विचारते, कसं झालंय? तो म्हणतो, ठीक आहे. तीन तास रांधलं आणि ‘ठीक आहे’? त्यावर ते कार्टं म्हणतं, तीन तास रांधायला सांगितलं कुणी? टिम हार्परची आई कामावरून येते, डबाबंद पोर्क अँड बीन्स उघडते, झालं, सगळे जेवतात, सगळे मजेत.

वाचकहो, या प्रश्नाला आजवर कुठल्याही देशातल्या कुठल्याही आईकडे उत्तर नाही. तुम्हीही शोधू नका. पानात वाढत राहा.

थोड्याच वेळात हे कुटुंब, पोरांच्या हट्टाखातर, बाहेर जेवायला जातं. स्टेकहाउस म्हणजे काय ते समजा: गोंगाट, मोठाल्या प्लेटा, स्वतः उठून घ्यायचं सॅलड. तिथे नवरा रेक्स म्हणतो, मला घटस्फोट हवा, या डिटर्जंटच्या जाहिरातीत मला आता राहवत नाही. ब्री काय करते? आवाज चढवत नाही. तुमचं सॅलड मी आणते म्हणते. उठते, बशी भरते, आणते. रेक्स दोन घास खातो आणि विचारतो, यात काय घातलंयस?

कांदा.

नवरा इस्पितळात. ती शपथेवर सांगते की चुकून पडला, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते, कारण जी बाई दोन टोपल्यांच्या रिबिनी चुकवत नाही तिच्या हातून कांदा चुकूनच पडणार, नाही का?

यातला धडा नीट समजून घ्या, कारण पुढची आठ वर्षं तो एकच धडा आहे. जे तोंडाने म्हणायचं नाही ते हाताने करायचं. राग आला, चांदी घासा. दुःख झालं, पलंगपोस ताणा. रेक्सला पुढे हृदयविकाराचा झटका येतो, तो छाती धरून बसलेला, चल म्हणतोय, आणि ब्री निघण्याआधी पलंग नीट करते. आपण विस्कटलेलं अंथरूण टाकून इस्पितळात गेलो आणि मागे कुणी पाहिलं तर? माणूस एक वेळ वाचेल, अब्रू वाचणार नाही. नंतर तो खरंच गेल्याचा फोन येतो तेव्हा ती जेवणघरात चांदीच्या भांड्यांपाशी असते. फोन ठेवते. काम पुरं करते. आणि सगळं जागच्या जागी लागल्यावर, एकटी, मोडून रडते. ब्रीचं काम करणाऱ्या मार्शिया क्रॉसने हा प्रसंग असा केलाय की क्षणभर माझा सगळा खवचटपणा गळून पडतो. (याच बाईंनी त्याआधी दुसऱ्या एका मालिकेत अख्खी इमारत बॉम्बने उडवली होती. त्या मानाने इथे फारच आवरतं घेतलंय.)

पण रडण्यात फार वेळ दवडू नका, अंत्यविधी आहे. सासूबाईंनी मुलाला त्याच्या शाळेचा केशरी टाय घातलाय. गडद सूटवर केशरी टाय! ब्री चर्चमध्ये चाललेला विधी थांबवते, मैत्रिणीच्या नवऱ्याच्या गळ्यातला टाय सोडवून घेते आणि शवपेटीतल्या नवऱ्याला स्वतःच्या हाताने बांधते. सासूशी भांडण कसं करावं याचा इतका सुबक नमुना आपल्या मालिकांनी हजारो भागांत दिलेला नाही. आपल्याकडे एक वाक्य, मग तीन दिशांनी कॅमेरा, मग वीज चमकते. इथे फक्त गाठ. शिवाय एक फरक बघा. आपल्या मालिकांतल्या आदर्श सुना दिवसभर साडी नेसून उभ्या असतात, पण त्यांना ओटा पुसताना कुणी पाहिलंय का? ब्री खरोखर काम करते. स्वतःचे कपडे शिवते, बाग करते, खुर्च्यांची गादीही स्वतःच नवी चढवते. त्यामुळे तिचा माज कमावलेला आहे.

तुमच्या मनाबिनाला काही झालंच तर समुपदेशकाकडे जायला हरकत नाही, मात्र सुईदोरा पर्समध्ये असू द्या. ब्री डॉक्टर गोल्डफाइनकडे जाते, तो भावनांबद्दल विचारतो, आणि तिचं सगळं लक्ष त्याच्या कोटाच्या लोंबत्या बटणावर. शेवटी ते शिवून देते तेव्हा कुठे तिला बरं वाटतं. फ्रॉइडबद्दलही तिचं म्हणणं असं की त्या काळात घरात यंत्रं नव्हती, त्याच्या आईने सगळं हाताने उपसलं असेल, आणि मुलगा मोठा होऊन जगाला सांगत सुटला की सगळ्या दुखण्यांचं मूळ आई. किती लागलं असेल त्या माउलीला! मी मानसशास्त्राचं फार वाचलेलं नाही, पण माझ्या मते या विषयावर एवढं पुरे.

शृंगाराबाबत थोडक्यात: नवरा रुसून मोटेलमध्ये राहतोय, तुम्ही फरच्या कोटाखाली मोजकंच काही घालून त्याला परत जिंकायला गेलात, आणि नेमक्या मोक्याच्या क्षणी टेबलाच्या कडेवरून अर्धवट खाल्लेला बुरिटो गालिच्यावर ओघळताना दिसला, तर कुणीकडे बघाल? ज्यांचं उत्तर ‘नवरा’ आहे त्यांनी इथेच थांबावं. हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी नाही.

आता वरच्या वर्गात या. डाग दोन प्रकारचे: धुतल्यावर जाणारे आणि कुणाला न दिसल्यावर जाणारे. मुलगा अँड्र्यू दारू पिऊन गाडी चालवतो आणि गॅब्रिएलच्या सासूला उडवतो. पोलिसांत जायचं? छे. ब्री आणि रेक्स ती गाडी अशा वस्तीत सोडून येतात की कुणीतरी ती पळवावी. कपड्यावरचा डाग कपड्यासकट नाहीसा. पुढे हाच मुलगा डोईजड होतो तेव्हा ती त्याला रस्त्यात बॅगेसकट उतरवते. अल्पवयीन मुलगी गरोदर राहते तेव्हा तिला गुपचूप कॉन्व्हेंटमध्ये धाडते आणि स्वतः पोटाला उशी बांधून गल्लीभर फिरते. एका मेजवानीत त्या पोटात काटा घुसतो. तरी चेहरा बघा! चेहऱ्याला इस्त्री केल्यासारखा. रेक्सच्या औषधात फेरफार करून त्याला मारणारा केमिस्ट जॉर्ज, ज्याच्याशी बिचारीने साखरपुडाही केलेला असतो, हॉटेलच्या खोलीत गोळ्या गिळून पडतो, तेव्हा ती त्याला भासवते की मदत येतेय. आणि शेजारी बसून राहते. हात मांडीवर, पाठ ताठ. पाहुण्याला शेवटपर्यंत सोबत करणं हे शिष्टाचारात बसतं.

मध्ये दारूचं प्रकरण झालं, ती स्वतःच्याच लॉनवर झोपलेली सापडली. हे उमेदवारांनी लक्षात ठेवू नये. लॉन मात्र नीट कापलेलं होतं.

पाककृतींचा धंदा करा असंही सुचवेन. लिंबाच्या ‘मेरिंग पाय’ या गोड पदार्थावरून कॅथरीन मेफेअर नावाची नवी शेजारीण तिला जवळजवळ हरवते, म्हणून तिलाच भागीदार करून घेतलं, आणि पाचव्या सीझनपर्यंत बाई जुन्या वळणाच्या स्वयंपाकाचं पुस्तक काढून मोकळ्या. ज्या घरात ‘ठीक आहे’ ऐकायला मिळालं त्याच घरच्या पाककृतींवर बाहेर सह्या. घरच्यांना न विचारता जगाला विचारावं, हे खरं शहाणपण तिथे.

हे सगळं अतिरंजित वाटत असेल तर मालिकेचा जनक मार्क चेरीचं ऐका. २००२ साली टेक्ससमध्ये पाच लेकरांना टबात बुडवून मारणाऱ्या आईचा खटला तो टीव्हीवर आपल्या आईसोबत बघत होता. कुठलीही बाई या थराला कशी जाते, असं तो म्हणाला. आईने त्याला सांगितलं की मीही तिथवर जाऊन आलेय. तिथून मालिका सुचली, आणि ब्री त्याने बरीचशी आईवरूनच घडवली. म्हणजे ती टेबलावर ताठ मांडलेली नॅपकिनं कुणाच्या तरी घरात खरंच होती, आणि मुलाला ती लहानपणी फक्त नॅपकिनं वाटली होती.

गल्ली मात्र पूर्ण खोटी. युनिव्हर्सल स्टुडिओच्या मागच्या अंगणातली कलोनियल स्ट्रीट, दर्शनी भिंती तेवढ्या मांडलेल्या. एवढ्या स्वच्छतेचं रहस्य हेही असेल की आत राहत कुणी नव्हतं.

आणि आता पदवी परीक्षा. सातव्या सीझनच्या शेवटी गल्लीत फिरतं जेवण ठरतं: एका घरी सुरुवात, दुसऱ्या घरी पुढचं. मध्येच गॅब्रिएलच्या घरी तिचा नराधम सावत्र बाप शिरतो आणि तिचा नवरा कार्लोस त्याला मेणबत्तीच्या जड स्टँडने हाणतो. मृतदेह जमिनीवर, पाहुणे दारात. चार मैत्रिणींपैकी तिघींचं डोकं बंद. अशा वेळी गल्लीला कोण हवं असतं? मायाळू बाई? सत्यवादी बाई? ती बाई हवी असते जिला ठाऊक असतं की पेटी कुठली पुरेल आणि तिच्यावर टेबलक्लॉथ कुठला शोभेल. मृतदेह पेटीत, पेटीवर कापड, आणि पाहुण्यांसमोर हसतमुख वाढप. इतकी वर्षं जिच्या नीटनेटकेपणाला गल्ली नाकं मुरडत होती, त्याच नीटनेटकेपणावर त्या रात्री चौघींची कातडी वाचली. पुढे जंगलात पुरणं, पोलिसांत असलेल्या माजी प्रियकराचा संशय, हे सगळं तिच्याच अंगावर येतं आणि खुनाचा खटलाही तिच्यावरच उभा राहतो. मैत्रिणी म्हणाल तर रडायला होत्याच.

सुटते. म्हातारी शेजारीण मिसेस मॅकक्लस्की साक्षीला येते आणि खून मी केला म्हणून खोटाच गुन्हा अंगावर घेते. उगाच नाही इतकी वर्षं शेजाऱ्यांना मफिन वाटले.

तर उमेदवारांनी कामाला लागावं. नोकरीची चिंता नको, या शिक्षणाला पुढे मोठा वाव आहे. ब्री शेवटी आपल्याच वकिलाशी लग्न करते, केंटकीतल्या लुईव्हिलला जाते, आणि राजकारणात पडून थेट तिथल्या विधिमंडळात बसते. डाग न दिसू देण्याचा एवढा अनुभव असताना तिला दुसरीकडे कुठे घेणार होते?