उकड पान पाचवर

संकष्टी होती आणि बायको ऑफिसच्या कामाला पुण्याला गेली होती. चंद्रोदय नऊ वाजून गेल्यावर, तोवर ती घरी पोचणार. ती आली की पुढ्यात वाफाळते उकडीचे मोदक ठेवावेत, ही दुर्बुद्धी मला संध्याकाळी सहा वाजता ठाण्यात, नौपाड्याच्या एका भाजीवालीकडे हळदीची पानं दिसली तेव्हा सुचली. पानं ताजी होती. बाकी माझ्याकडे काहीच नव्हतं, ज्ञान तर नव्हतंच.

घरात आई होती, पण आई नागपूरची. "आमच्याकडे तळणीचेच करतात," एवढं बोलून ती शिवलीलामृताचा अकरावा अध्याय उघडून बसली. एकदा बसली की अध्याय संपेपर्यंत उठत नाही, मध्ये बोलतही नाही. फार तर "हं हं" करते, आणि त्यातलं कुठलं हो आणि कुठलं नाही हे मला पन्नाशीतही कळलेलं नाही.

मग फोनवर शोधलं. पहिलाच लेख निघाला, 'न फुटणारे उकडीचे मोदक'. नाव वाचून भरून आलं. खाली बारीक अक्षरात १/८ असं लिहिलं होतं, तिकडे लक्ष गेलं नाही.

पहिल्या पानावर मोदकाचं महत्त्व. दुसऱ्यावर एकवीसच का. तिसऱ्यावर साहित्य, तेही वेलचीपर्यंतच; मीठ आणि तूप चौथ्या पानावर. प्रत्येक पानावर आधी एक खिडकी उघडायची, 'आमच्या सूचना हव्यात का?' म्हणून विचारायची, आणि नको म्हटलं की पुढच्या पानावर पुन्हा तेच विचारायची. लग्नाच्या पंगतीत इतका आग्रह झाला तर माणूस ताटावरून उठतो.

तरी चौथ्या पानापर्यंत मी विळीवर नारळ खवला, गूळ चिरला, सारण शिजवलं आणि वेलची सारखी लागावी म्हणून ते कोमट असतानाच हाताने कालवायला घेतलं. एकीकडे पातेल्यात पाणी चढवलं होतं. फोन पिठीच्या डब्याला टेकवून उभा होता आणि त्यावर पान पाचवं होतं. त्याची शेवटची ओळ जशीच्या तशी देतो: "पाण्याला उकळी आली, की लगेच"

संपलं. खाली निळं बटण, 'पुढील पान'.

पाणी उकळतंय तोवर माझ्या पुतण्याबद्दल सांगतो. तो वागळे इस्टेटमध्ये असे लेख फोनवर चढवण्याच्याच धंद्यात आहे. जाहिरातीचे पैसे ती हजार वेळा दिसली की इतके, अशा हिशेबाने मिळतात. एक लेख एका पानात संपला तर जाहिराती एकदाच उतरणार, आठ तुकडे केले तर आठदा. "काका, तुम्ही एकटे वाचता, पण आम्हाला आठजण आल्यासारखे दिसता," असं तो अभिमानाने सांगतो. मला एवढी गर्दी व्हायची सवय फक्त सकाळच्या लोकलमध्ये आहे.

पण त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. लेख तोडणं ही एके काळी दया होती. आपल्याकडे इंटरनेट सामान्य माणसाला मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेतून. पुढे ५६ केबीपीएसचा मोडेम आला तेव्हा आम्हाला विमान आल्यासारखं वाटलं, आणि त्याचा वेग सगळं सुरळीत असताना सेकंदाला सात किलोबाइट! आजचा एक मेगाबाइटचा फोटो उतरायला जवळजवळ अडीच मिनिटं लागली असती. राम मारुती रोडजवळच्या सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे देऊन मी निम्म्या चेहऱ्यांचे फोटो पाहिलेले आहेत. कपाळ, भुवया, डोळे, आणि नाक यायच्या आत वेळ संपली. तेव्हा कुणी मजकूर तुकड्यांत वाढला तर आम्ही त्याला दुवाच दिला असता. शिवाय लोकांना पान खाली सरकवायची सवय नव्हती. वेबच्या वापराचे जाणकार जेकब नील्सन यांनी १९९६ मध्ये लांबलचक पानं चुकांच्या यादीत घातली होती. पुढच्याच वर्षी, लोक आता सरकवायला शिकले म्हणून, त्यांनीच ती माफ केली. म्हणजे माफी मिळून पाव शतक उलटून गेलं आणि माझे मोदक अजून शिक्षा भोगताहेत.

आणि तुकड्यांशी मराठी माणसाचं वाकडं कधीच नव्हतं. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि लोक आठवडा-आठवडा कादंबरीच्या पुढच्या प्रकरणाची वाट पाहत राहिले. 'क्रमशः' ह्या तीन अक्षरांवर कितीतरी मासिकं जगली. पण क्रमशः कुठे यावं ह्याला काही रीत होती. नायिका दाराशी येऊन थांबली की क्रमशः. नायिकेने दाराची कडी अर्धी काढली की क्रमशः, असं नाही.

वर्तमानपत्रंही 'पान ९ वर' म्हणतात, तो छळ वेगळा. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून पान एकवरून नऊवर जायचं म्हणजे शेजाऱ्याला मान मागे घ्यायला लावायची, समोरच्याचा चष्मा वाचवायचा आणि घडी उलटी पडली की विक्रोळीला वाचलेलं घाटकोपरला पुन्हा वाचायचं. नववं पान मिळालं तर त्यावर तीनच ओळी असतात आणि त्यातली एक 'असेही ते म्हणाले'.

मग अखंड लेख बरे का? तेही सांगवत नाही. न संपणारं, खाली खाली सरकत राहणारं पान २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या तरुणाने काढलं आणि पुढे त्याचा त्याला जाहीर पश्चात्ताप झाला. मला तो कळव्याला झाला. कल्याण स्लो होती, लेख एकसंध होता, कुठे पान संपेना म्हणून मान वर होईना, आणि ठाणं येऊन गेलं. आठ पानांचा लेख असता तर निदान जाहिरातीला कंटाळून खिडकीबाहेर बघितलं असतं. परतीच्या गाडीची वाट बघत कळव्याच्या फलाटावर मी तो लेख पुन्हा उघडला, तर तो शेंड्यापासून सुरू. मी कुठे होतो ह्याची खूण त्याने ठेवली नव्हती. आईच्या पोथीची पानं सुटी असतात, वाचून झालेलं पालथं घालायचं. भूकंप झाला तरी कुठवर आलो ते दिसतं.

तर पाणी उकळलं.

दोन्ही हात गूळखोबऱ्याने मनगटापर्यंत माखलेले. हात धुता आले असते, हे तुम्हाला सुचतंय, कारण तुमच्या गॅसवर पाणी उकळत नाहीये. कोपराने दाबून पाहिलं, मध्ये बाही आली. फोनला कापड चालत नाही, उघडी कातडी लागते. काचेवरच्या विजेच्या सूक्ष्म भाराला ती टेकली तरच त्याला स्पर्श कळतो. कातडी नाकालाही असते. मी वाकलो.

नाक काचेपासून चार बोटांवर असताना वरची एक जाहिरात उशिरा उतरली. सगळा मजकूर खाली सरकला आणि 'पुढील पान'च्या जागी घोडबंदर रोडवरचा टू बीएचके आला. नाक टेकलं. एक फॉर्म उघडला, त्यात माझं नाव आणि नंबर आधीच भरलेला. कोपऱ्यातल्या फुलीवर नाक नेलं, पण इतक्या जवळून माणसाला स्वतःचं नाकच दोन दिसतं. मी 'पाठवा'वर टेकलो होतो.

दोन मिनिटांत फोन आला. तो नाकानेच घेतला गेला.

"सर, कासारवडवलीला आपण इंटरेस्ट दाखवलात. बजेट काय आहे सर?"

"अहो, उकळी आलीय!"

"सर?"

"पीठ कधी घालायचं?"

मुलगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "किचन मॉड्युलर आहे, सर."

तो फोन ठेवेपर्यंत निम्मं पाणी आटलं होतं, आणि लेख आपोआप पहिल्या पानावर जाऊन बसला होता. मोदकाचं महत्त्व. मी "आई, गॅस बारीक कर गं!" अशी हाक मारली. आतून "हं हं" आलं. मग मीच, लगेच म्हणजे आत्ताच असं धरून, वाटीभर मोजलेली पिठी त्या आटलेल्या पाण्यात ओतली आणि मोठ्या आचेवर घोटत राहिलो.

बायको साडेआठला आली. पर्स खांद्यालाच, चपलाही पायात, तशीच ओट्यापाशी येऊन तिने पातेल्यात पाहिलं. चमचा उभा होता आणि कुणीही धरलेला नव्हता.

"पीठ घातल्यावर आच बारीक करून झाकण ठेवलं होतंस ना?"

"ते सहाव्या पानावर होतं."

"जेवढी पिठी तेवढं पाणी, मीठ, चमचाभर तूप, झाकण, दोन वाफा," ती चपला काढता काढता म्हणाली. चप्पल काढून होईतो कृती संपली होती. "आणि नाकाला गूळ कशाने लागला?"

मी कासारवडवलीपासून सुरुवात करणार होतो, तेवढ्यात आतून पोथी बांधल्याचा आवाज आला. आई बाहेर आली, पातेल्याकडे बघितलं, सारणाचा एक घास तोंडात टाकला, आणि कपाटातून कणीक आणि कढई काढायला लागली.